‘दम असेल तो पोहोचेलच’ ही पळवाट आहे

सिनेमात काम करायचं आहे, असं नागपुरातल्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने घरी सांगितलं की दोन ठरलेली उत्तरं मिळतात. एक घरातून येतं: आधी विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पात नोकरी धर, पगार सुरू होऊ दे, मग सिनेमाचं बघू. दुसरं बाहेरून येतं: तुझ्यात दम असेल तर तू पोहोचशीलच, राजकुमार हिराणी नागपूरचेच ना? पहिल्या उत्तरामागे काळजी असते आणि तिचा मान ठेवलाच पाहिजे. दुसरं उत्तर मात्र स्नेहसंमेलनाचे प्रमुख पाहुणे देतात, प्राचार्य देतात, सत्काराला आलेले नेते देतात, मुंबईत नाव कमावून आलेले कलावंतही देतात. ऐकायला ती शाबासकी वाटते. प्रत्यक्षात ते हात झटकणं आहे. ज्यांच्याकडे काही उभं करण्याची ताकद आहे त्यांनी सगळा भार 19-20 वर्षांच्या पोरावर टाकायचा आणि ते पोर हरलं की त्याच्यात दमच नव्हता म्हणून मोकळं व्हायचं, असा हा व्यवहार आहे. हा समज आपल्याकडे इतका मुरला आहे की त्याला कुणी उलटून प्रश्नही विचारत नाही. तो विचारण्याची वेळ आता आली आहे, कारण विदर्भात चित्रनगरीच्या घोषणा होत आहेत. समज तोच राहिला तर त्या चित्रनगरीत भिंती उभ्या राहतील, माणसं उभी राहणार नाहीत.

या समजाचं म्हणणं आधी पूर्ण ऐकून घेऊ. तो म्हणतो, सिनेमा ही कला आहे आणि कला शिकवून येत नाही. ती ज्याच्या अंगात असते त्याला स्वस्थ बसू देत नाही. असा माणूस मुंबई गाठतो, एका खोलीत आठ जणांबरोबर राहतो, वडापाववर दिवस काढतो, ऑफिसांचे उंबरे झिजवतो आणि एक दिवस त्याला संधी मिळते. हा खडतर रस्ता चाळणीचं काम करतो. कच्चे गळतात, पक्के उरतात. धंदा मुंबईत आहे, पैसा मुंबईत आहे, तो नागपूरला येणार नाही. आणि आता तर प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. ज्याला सिनेमा करायचा त्याने करावा, अडवलंय कुणी? मग सरकारने, विद्यापीठाने किंवा शहराने यात पडायचं कारणच काय? म्हणजे एकूण चार दावे झाले. कला शिकवता येत नाही, हालअपेष्टा ही खरी परीक्षा असते, धंदा मुंबईतून हलत नाही आणि मोबाईलने सगळ्यांना सारखी संधी दिली आहे. या चारांतला एकही दावा चित्रपटसृष्टीच्या इतिहासापुढे टिकत नाही.

सुरुवात हिराणींपासूनच करू, कारण पुरावा म्हणून त्यांचंच नाव पुढे केलं जातं. त्यांचा जन्म नागपूरचा, वडिलांची इथे टायपिंग इन्स्टिट्यूट होती, वाणिज्य शाखेचं शिक्षण झालं, हौशी नाटकं झाली. इथवरची गोष्ट सगळे सांगतात. मधला टप्पा मात्र गाळतात. हिराणी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलन शिकले. ती संस्था सरकारी पैशावर चालते आणि तिथे जागा मोजक्या असतात. तिथून बाहेर पडल्यावर त्यांनी वर्षानुवर्षं जाहिराती केल्या, चित्रपटांचे प्रोमो कापले, ‘मिशन काश्मीर’चं संकलन केलं. ‘मुन्नाभाई एम.बी.बी.एस.’ 2003 च्या डिसेंबरात आला तेव्हा ते 41 वर्षांचे होते. हा सगळा प्रवास दम असल्यामुळे झाला, हे कोण नाकारेल? पण त्या दमाला बसायला एक वर्ग मिळाला, शिकवायला मास्तर मिळाले, हाताला संकलनासारखं रोजी देणारं कसब मिळालं आणि त्या कसबावर घर चालवत वाट पाहता आली. सुभाष घई यांचंही नाव नागपूरचे म्हणून घेतलं जातं. जन्म नागपूरचा, शिक्षण पुण्याच्या त्याच संस्थेतलं. पुढे त्यांनी स्वतः 2006 मध्ये गोरेगावला चित्रपटाचं शिक्षण देणारी संस्था काढली. ज्या दोघांची नावं घेऊन शिक्षण लागत नाही असं सांगितलं जातं, ते दोघेही शिक्षणातूनच वर आले. हिराणींबरोबर नागपुरातून निघालेले आणि ज्यांना ती जागा मिळाली नाही असे किती जण होते, हे कुणी मोजलं आहे? पोहोचलेल्यांची यादी वाचून रस्ता चांगला आहे असं ठरवता येत नाही. त्यासाठी वाटेत गळालेल्यांचीही मोजदाद करावी लागते.

मागे जाऊन पाहिलं तरी हेच दिसतं. दादासाहेब फाळके म्हणजे एकट्याच्या ध्यासाची मूर्तिमंत कथा, असं आपण मुलांना शिकवतो. ध्यास होताच. पण ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 मध्ये पडद्यावर येण्याआधी हा माणूस मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकला होता, बडोद्याच्या कलाभवनात शिकला होता, छायाचित्रण आणि छपाईचं काम त्याने पोटासाठी केलं होतं, आणि 1912 मध्ये तो लंडनला गेला तो कॅमेरा विकत घ्यायला आणि तो कसा चालवतात हे शिकायला. कोल्हापूरची कथाही वेगळी नाही. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत व्ही. शांताराम, दामले आणि फत्तेलाल काम करता करता शिकले. त्या शिकण्यातून 1929 मध्ये प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली, 1933 मध्ये ती पुण्याला आली, आणि प्रभात बंद पडल्यावर तिच्याच आवारात 1960 मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. कंपनी म्हणजे शाळा आणि शाळा म्हणजे कंपनी, अशी ही सलग साखळी आहे. अगदी अलीकडचं उदाहरण हवं असेल तर नगरचं घ्या. नागराज मंजुळे नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापन शिकत होते, तेव्हा त्यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘ख्वाडा’चे भाऊराव कऱ्हाडेही त्याच विभागाचे. जिल्ह्याच्या गावातल्या एका कॉलेजातला एक विभाग नीट चालला आणि मराठी सिनेमाला ‘फँड्री’ आणि ‘ख्वाडा’ मिळाले. नगरला जे जमलं ते नागपूरला जमू नये, असं या शहरात काय कमी आहे? विद्यापीठ आहे, जनसंवाद विभाग आहे, नाटकाची जुनी परंपरा आहे. कमी आहे ती फक्त हे आपलं काम आहे असं मानण्याची तयारी.

कला शिकवता येत नाही, असं म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे सिनेमा म्हणजे फक्त नट आणि दिग्दर्शक असतात. पण चित्रपटाच्या शेवटी पळणारी नावांची रांग कधी नीट वाचली आहे का? त्यातली बहुतेक माणसं कसबाची आहेत. एक साधा प्रसंग घ्या. नट दारातून आत येतो, चालत टेबलापर्यंत येतो आणि पत्र उचलतो. या पाच पावलांसाठी फोकस पुलर आधी कॅमेऱ्यापासून प्रत्येक थांब्यापर्यंतचं अंतर मोजतो, जमिनीवर टेपचे तुकडे चिकटवतो आणि टेक सुरू झाला की नटाच्या पावलाबरोबर लेन्सची कडी फिरवत राहतो. नट वीतभर अलीकडे थांबला तर पुलरला ते त्याच क्षणी ओळखून हात सावरावा लागतो; नाहीतर डोळे धूसर होतात आणि टेक वाया जातो. तोच प्रसंग खापरीसारख्या विमानतळाला लागून असलेल्या भागात सिंक साऊंडवर, म्हणजे चित्रणाबरोबरच आवाज टिपून, घ्यायचा असेल, तर साऊंड रेकॉर्डिस्टला उड्डाणांच्या वेळा सांभाळून काम बसवावं लागतं, आणि प्रसंग संपल्यावर सगळ्यांना गप्प बसवून त्या खोलीचा नुसता आवाज काही सेकंद ध्वनिमुद्रित करून ठेवावा लागतो. नाहीतर संकलनाच्या टेबलावर दोन वाक्यांमधली जागा पोकळ ऐकू येते. पत्र कोणत्या हातात होतं, चहाचा कप किती भरलेला होता, याची नोंद कंटिन्युइटी बघणारा ठेवतो. यातलं काहीही जन्मजात नसतं. हे शिकवलं जातं, शिकलं जातं आणि त्याचे पैसे मिळतात. ‘ख्वाडा’ला मिळालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत एक पुरस्कार लोकेशनवरच्या ध्वनिमुद्रणाचा होता. ग्रामीण भागात चित्रित झालेल्या मराठी चित्रपटातही हे कसब देशात पहिलं येऊ शकतं, ते अंगात असतं म्हणून नव्हे, शिकलेलं असतं म्हणून.

मिहानचा विचार इथेच करायला हवा. मिहानच्या आवारात विमानांच्या देखभाल-दुरुस्तीचा तळ आहे. बोइंगने एअर इंडियाशी झालेल्या विमानखरेदीच्या व्यवहारातून तो उभारून दिला आणि आज एअर इंडिया इंजिनिअरिंग सर्व्हिसेस तो चालवते. हा तळ कसा आला, ते नीट पाहा. नागपुरातल्या एखाद्या हुशार मेकॅनिकने स्वप्न पाहिलं, तो उपाशीपोटी परदेशी गेला आणि एक दिवस पोहोचला, म्हणून तो आलेला नाही. आमची विमानं तुमच्याकडून घेतो, त्याबदल्यात काही क्षमता आमच्या भूमीवर उभी करा, अशी अट घातली गेली म्हणून तो आला. त्यात काम करणारे परवान्यासाठी अभ्यास करतात, परीक्षा देतात, अनुभवी माणसाच्या हाताखाली वर्षं काढतात. विमान दुरुस्त करण्याचा दम असेल तर तो पोहोचेलच, असं तिथे कुणी म्हणत नाही. याच मिहानमध्ये आयआयएम आली, एम्स आलं. व्यवस्थापन आणि वैद्यक या क्षेत्रांत नागपूरच्या मुलांनी पुढे जावं असं वाटलं, तेव्हा सरकारने जमीन दिली, इमारती बांधल्या, प्राध्यापक नेमले. यासाठी शिवणगाव, तेल्हारा, कलकुही, दहेगाव, खापरी या गावांच्या जमिनी गेल्या. त्या गावांतल्या, सिनेमाची ओढ असलेल्या मुलांचंही आपण काही देणं लागतो, असं कुणाला का वाटू नये? विमानासाठी शिक्षण, औषधासाठी शिक्षण, व्यवस्थापनासाठी शिक्षण आणि सिनेमासाठी मात्र नुसतं नशीब, हा भेद कोणत्या तर्काने केला?

यावर घरातून येणारा आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तर दिलंच पाहिजे. सिनेमात काही शाश्वती नाही, मिहानमधल्या कंपनीत महिन्याच्या महिन्याला पगार होतो, असं आई-वडील म्हणतात. ते चूक नाहीत. पण ही अशाश्वती काही पावसासारखी आभाळातून पडलेली नाही. ती माणसांनी रचलेली आहे. मुंबईत मालिकांमध्ये काम केल्यावर पैसे 90 दिवसांनी देण्याची रीत वर्षानुवर्षं चालत आली आहे. सहायक म्हणून लागलेल्या मुलांना ‘शिकायला मिळतंय ना’ असं सांगून फुकट किंवा जाण्या-येण्याच्या खर्चावर राबवलं जातं. संसदेने 1981 मध्येच सिनेकामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला, त्यात लेखी कराराची सक्ती होती. तरी तोंडी शब्दावर कामं चालत राहिली. अंबाझरीच्या आयुध निर्माणीत किंवा रेल्वेत जो मुलगा शिकाऊ उमेदवार म्हणून लागतो, त्याला 1961 च्या कायद्याने विद्यावेतन मिळतं, प्रशिक्षणाची मुदत ठरलेली असते, शेवटी प्रमाणपत्र मिळतं. सेटवर 16 तास उभ्या राहणाऱ्या सहायकाला यातलं काय मिळतं? लेखकांचीही हीच गत होती. संघटनांनी नेटाने लढून 2012 मध्ये स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती करून घेतली, तेव्हा गीतकार, संगीतकार आणि लेखकांचा रॉयल्टीचा हक्क निर्मात्याला लिहून देता येणार नाही असा झाला. अशाश्वती कमी करता येते, ती कायद्याने आणि संघटनेने कमी झालेली आहे. म्हणून आई-वडिलांच्या काळजीला उत्तर मुलाला सिनेमापासून तोडणं हे नव्हे. त्या कामाला पगार, करार आणि मुदत मिळवून देणं हे आहे.

आता हालअपेष्टांच्या परीक्षेबद्दल. मुंबईत दोन-चार वर्षं कमाईशिवाय काढणं म्हणजे काय, याचा हिशोब एकदा मांडा. खोलीची अनामत रक्कम, भाडं, लोकलचा पास, जेवण, आणि घरी पाठवायला शून्य रुपये. हा हिशोब कोणाला परवडतो? ज्याच्या घरी दुसरा कमावता आहे, ज्याचे मुंबईत नातेवाईक आहेत, ज्याच्या आजारपणात घर मोडत नाही, त्याला. उत्तर नागपूरच्या वस्तीतल्या, बाप हातगाडी ओढतो अशा घरातल्या मुलाला तो परवडत नाही. भंडाऱ्याच्या किंवा गडचिरोलीच्या मुलीला तर त्याहून नाही. अनोळखी आठ जणांत राहून संघर्ष कर, हा सल्ला मुलींना देता येतो का? जो सल्ला निम्म्या लोकसंख्येला देताच येत नाही, तो गुणवत्तेची परीक्षा कसा ठरेल? उलट, कामाच्या शोधात एकटं असणं आणि कुणाच्या तरी मर्जीवर अवलंबून असणं यातूनच शोषण जन्माला येतं. केरळमध्ये 2017 मध्ये स्त्री-कलावंत संघटित झाल्या, सरकारला न्यायमूर्ती हेमा समिती नेमावी लागली आणि समितीचा अहवाल 2024 मध्ये लोकांपुढे आला. काम मिळवण्याच्या वाटेवर स्त्रियांना काय सोसावं लागतं, ते त्यात सरकारी कागदावर नोंदलं गेलं. त्यानंतरही कुणी या वाटेला चाळणी म्हणत असेल, तर ती चाळणी पैसा, जात आणि लिंग पाहून माणसं गाळते, गुण पाहून नव्हे, हे त्याने मान्य करावं. आणि गरीब घरांतल्या गोष्टी पडद्यावर श्रीमंत घरांतली मुलं का सांगतात, हा प्रश्न मग पुन्हा विचारू नये.

मोबाईलचा मुद्दा सगळ्यात नवा आणि सगळ्यात फसवा आहे. आसामच्या रीमा दास यांनी आपल्या गावात, छायगावच्या परिसरात, जवळजवळ एकटीने ‘व्हिलेज रॉकस्टार्स’ केला. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका म्हणून तो गेला. या कामगिरीपुढे मान लवतेच. पण तिचा दाखला देऊन बाकीच्यांना काय सांगितलं जातं? लेखन, दिग्दर्शन, कॅमेरा, संकलन सगळं एकट्याने कर, कित्येक वर्षं स्वतःच्या खिशातून कर आणि मग पुरस्काराची वाट पाहा. हे अपवादाचं कौतुक झालं, रोजगाराचं धोरण नव्हे. मोबाईलने चित्र टिपणं स्वस्त केलं, एवढंच. नटांना पैसे, प्रवास, जेवण, ध्वनी, संकलन, सेन्सॉरचं प्रमाणपत्र आणि शेवटी चित्रपटगृहात मिळणारा खेळ, यातलं काहीही मोबाईलमुळे फुकट झालेलं नाही. गावोगावी हजारो मुलं रोज व्हिडिओ बनवत आहेत, त्यांची हौस आणि मेहनत खरी आहे. पण त्यातल्या किती जणांना प्रकाश कुठून आणायचा हे कुणी हाताला धरून दाखवलं? किती जणांना आपल्या कामाचा करार वाचता येतो? हत्यार हातात देऊन कारागीर तयार होत नाही. तसं असतं तर प्रत्येक घरातल्या स्क्रू-ड्रायव्हरमधून मिहानला तंत्रज्ञ मिळाले असते.

धंदा मुंबईतून हलत नाही, हा दावा तर भारतीय सिनेमाचा इतिहास न वाचताच केला जातो. मल्याळम चित्रपट कित्येक दशकं मद्रासमध्ये तयार होत. केरळ सरकारने 1975 मध्ये चित्रपट विकास महामंडळ काढलं, तिरुवनंतपुरमला स्टुडिओ उभारला, राज्यातच चित्रपट पूर्ण करणाऱ्यांना मदत केली. त्याआधी 1965 मध्ये अदूर गोपालकृष्णन आणि सहकाऱ्यांनी चित्रलेखा ही संस्था काढून चित्रपट पाहणारे आणि करणारे तयार करायला घेतले होते. आज मल्याळम सिनेमाचा दबदबा देश पाहतो आहे. तेलुगू सिनेमाही मद्रासमधून हैदराबादला गेला. सरकारने सवलती दिल्या, 1976 मध्ये अन्नपूर्णा स्टुडिओ उभा राहिला, 1996 मध्ये रामोजी फिल्म सिटी उभी राहिली. धंदे धोरणाने हलतात. विदर्भ या नकाशावर कोरा आहे, हेही खोटं आहे. विदर्भाच्या वेशीजवळच्या भुसावळला मध्य भारताच्या चित्रपट वितरकांच्या संघटनेचं मुख्यालय आहे आणि अमरावतीत वितरकांची कार्यालयं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, सी. पी. बेरारच्या, म्हणजे जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडच्या, प्रेक्षकांच्या पैशावर मुंबईचे चित्रपट तगले. आणि पूर्व विदर्भातली झाडीपट्टी रंगभूमी? दिवाळीनंतर वडशाला जाऊन पाहावं. नाट्यमंडळांच्या कार्यालयांचे फलक रांगेने लागलेले असतात, गावागावांतून मंडळं येतात, तारीख ठरते, मोबदला ठरतो, आणि मंडई-शंकरपटाच्या निमित्ताने नाटक रात्रभर रंगतं. नट, वादक, नेपथ्यवाले, मंडपवाले यांचा संसार त्यावर चालतो. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, ती याच रंगभूमीसाठी. सरकारी नाट्यगृहांशिवाय आणि मुंबईच्या आशीर्वादाशिवाय, तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकांच्या जोरावर जो भाग असा व्यवसाय चालवून दाखवतो, त्याला सिनेमा झेपणार नाही असं म्हणण्याचा अधिकार कुणाला आहे?

सिनेमा नागपूरला येतो, हे तर डोळ्यांपुढे घडलेलं आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मधला लोकशाहीर नारायण कांबळे नागपूरच्या वीरा साथीदार यांनी साकारला. तो चित्रपट 2014 मध्ये व्हेनिसहून दोन पुरस्कार घेऊन आला आणि पुढे भारताने तो ऑस्करला पाठवला. मंजुळेंचा ‘झुंड’ 2022 मध्ये आला. हिस्लॉप कॉलेजचे निवृत्त क्रीडाशिक्षक विजय बारसे यांच्या कामावर तो बेतलेला, चित्रण नागपुरातलं, आणि अमिताभ बच्चन यांच्यासमोर उभी राहिलेली पोरं इथल्या वस्त्यांतली. त्यांचा अभिनय पाहून सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. इथेच ‘दम असेल तो पोहोचेल’ हे वाक्य उघडं पडतं. ही पोरं कुठेही पोहोचली नव्हती. कॅमेरा त्यांच्यापर्यंत पोहोचला, तेव्हा ती दिसली. म्हणजे गुण आधीपासून होता आणि कॅमेरा आला नसता तर तो कुणाला कळलाही नसता. मग युनिट परत गेल्यावर शहराकडे काय उरलं? विमानांच्या व्यवहारात जशी अट घातली गेली तशी इथे घातली असती, तर पुष्कळ उरलं असतं. राज्य सरकार मराठी चित्रपटांना अनुदान देतं. ‘अ’ दर्जाला 40 लाख आणि ‘ब’ दर्जाला 30 लाख अशा रकमा त्यासाठी ठरल्या होत्या. जंगल, किल्ला, रस्ता, सरकारी इमारत यांत चित्रण करायला परवानगीही सरकारच देतं. जो निर्माता हे घेतो त्याने कॅमेरा, ध्वनी, कला, वेशभूषा आणि निर्मिती या प्रत्येक विभागात स्थानिक शिकाऊ उमेदवार विद्यावेतनावर घ्यावा, त्याच्याशी लेखी करार करावा आणि शेवटी त्याला कामाचा दाखला आणि श्रेयनामावलीत नाव द्यावं, एवढी अट घालायला काय हरकत आहे? खर्च वाढेल, निर्माते येणार नाहीत, अशी भीती घातली जाईल. शे-सव्वाशे माणसांचं युनिट पोसणाऱ्याला पाच शिकाऊ पोरांचं विद्यावेतन जड जातं, हे पटण्यासारखं नाही.

शेवटचा आक्षेप असा, की सरकार रामटेकला चित्रनगरी करतंच आहे, आणखी काय हवं? चित्रनगरीला विरोध नाही. पण नुसती जागा देऊन सिनेमा उभा राहत नाही, हे कोल्हापूरने दाखवून दिलं आहे. बाबूराव पेंटर आणि शांतारामांच्या गावात सरकारने 1980 च्या दशकात चित्रनगरी उभारली आणि ती पुढे वर्षानुवर्षं ओस पडली. जिथे एके काळी कंपन्यांतून माणसं घडली, तिथे सरकारने जमीन आणि शेड दिली. माणसं घडवण्याची सोय केली नाही. पुढे दुरुस्त्या झाल्या, चित्रीकरणं वाढली, हे चांगलंच झालं. पण तोवर दोन पिढ्या निघून गेल्या. रामटेकला तेच घडू द्यायचं आहे का? बाहेरून युनिट येणार, बाहेरून तंत्रज्ञ येणार आणि स्थानिक मुलांच्या वाट्याला गर्दीतला चेहरा, गाडीची चावी आणि जेवणाचे डबे वाटण्याचं काम येणार, अशी चित्रनगरी म्हणजे विदर्भाच्या जमिनीवरचं मुंबईचं गोदाम ठरेल. फिल्म इन्स्टिट्यूटने 2017 पासून अल्पमुदतीचे अभ्यासक्रम पुण्याबाहेरच्या शहरांत न्यायला सुरुवात केली. म्हणजे वर्ग हलवता येतो. मग चित्रनगरीचा पहिला दगड बसण्याआधी नागपूर विद्यापीठात ध्वनी, छायाचित्रण, संकलन आणि निर्मिती-व्यवस्थापन यांचे पूर्ण वेळेचे अभ्यासक्रम सुरू व्हायला हवेत, मुलींच्या वसतिगृहासह आणि फी परवडेल अशा बेताने. आधी माणूस, मग मजला, हा क्रम उलटला की पैसा जातो आणि पाटी तेवढी राहते.

म्हणून यापुढे व्यासपीठावरून कुणी ‘दम असेल तो पोहोचेलच’ म्हणालं, तर त्याला तिथेच थांबवून विचारायला हवं, की पोहोचण्यासाठी तुम्ही काय बांधलंत? तुमच्या विद्यापीठात ध्वनीचा स्टुडिओ आहे का? तुमच्या अनुदानाच्या कागदावर शिकाऊ उमेदवाराची अट आहे का? तुमच्या चित्रनगरीच्या आराखड्यात शाळेची खोली आहे का? तक्रार ऐकणारी समिती आहे का? ठरल्या मुदतीत पैसे मिळतील याची हमी कुणी घेतली आहे? या प्रश्नांना उत्तर नसेल तर दमाचं प्रवचन देण्याचा हक्कही नाही. सिनेमा हा व्यवसाय आहे, त्यात शेकडो कसबं आहेत, ती शिकवता येतात, त्यांचं मोल रुपयांत देता येतं आणि ती नागपुरात राहून करता येतील अशी व्यवस्था उभारता येते. फाळके, पेंटर, प्रभात, पुणे, नगर, केरळ, हैदराबाद, वडसा, सगळ्यांचा दाखला हेच सांगतो. गुणाची या मातीत कधीच वाण नव्हती. गुण ओळखणारी, घडवणारी आणि त्याला पोटभर कमाई देणारी यंत्रणा उभी करणं हे सरकारचं, विद्यापीठाचं आणि या शहराचं काम आहे. ते 19 वर्षांच्या पोरावर ढकलणं थांबवा. त्याच्या दमाची परीक्षा पुष्कळ झाली, आता तुमच्या इच्छाशक्तीची होऊ द्या.